सतरावा सोमवार

डब्याची गाठ माझी नव्हती.

मी फडक्याची गाठ साधी मारत असे, एकावर एक, टोकं वर आलेली. परत आलेल्या डब्याला कडब्याच्या पेंढीला मारतात तशी गाठ होती, पीळ देऊन टोक आत खोचलेलं. सोडायला नख लावावं लागलं. आत डबा धुतल्यासारखा स्वच्छ. मी ते फडकं हातात धरून चुलीपाशी उभी होते, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "काय गं, डब्यात साप निघाला का?"

"नाही, सासूबाई."

"मग ठेव जागेवर आणि पूजेला लाग. तिन्हीसांजा होतील आता."

तो माझा पाचवा सोमवार होता. सोळा सोमवारांचं व्रत मी त्या श्रावणात धरलं होतं. साल एकोणीसशे अकरा, गाव कोल्हापूर. मला सोळावं चालू होतं आणि नांदायला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. घरात मामंजी, सासूबाई आणि आम्ही दोघं. आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, आणि आज या वयातही माझ्या हातून ते लिहिलं जात नाही. तेव्हा मी 'हे' म्हणेन ते माझे यजमान. हे कॉलेजात शेवटच्या वर्गात होते आणि कॉलेजच्या फुटबॉलच्या संघाचे कप्तान होते.

संकल्प सोडताना गुरुजींनी सांगितलं, मनात एक इच्छा धरा आणि कुणाला सांगू नका. सासूबाईंना वाटलं, मी मूल मागितलं. मामंजींना वाटलं, यांची परीक्षा. मी मागितलं होतं, यांचं मन माझ्याकडे वळू दे.

हे माझ्याशी वाईट वागत असं नाही. कधी आवाज चढवला नाही. पण बोलणं दिवसाकाठी चार वाक्यांचं. बंबात पाणी आहे का, धोतर वाळलं का, आईचं डोकं दुखतंय का, दिवा बारीक कर. मी वाट बघत असे की पाचवं वाक्य आज येईल. आणि हेच गृहस्थ संध्याकाळी पडवीत मामंजींपाशी बसले की तास तास बोलत. मी आत भाकऱ्या थापताना ऐके. सगळं बोलणं एका माणसाबद्दल. रंग्यानं आज असा चेंडू काढला. रंग्या पायाच्या बोटांनी चेंडू असा थांबवतो की जणू हातात धरलाय. रंग्या एकदा पळायला लागला की मागचा माणूस त्याची सावलीसुद्धा तुडवू शकत नाही.

रंग्या म्हणजे रंगराव पोवार. राधानगरीकडच्या खेड्यातला, मराठा बोर्डिंगात राहून शिकणारा मुलगा. यांच्याहून दोन वर्षांनी मागे. मी त्याला अजून पाहिलंही नव्हतं. पण त्याचं नाव ऐकलं की माझ्या हातातली भाकरी वाकडी होई.

आता डब्याचं सांगते. गावाबाहेरच्या मैदानावर आठवडाभर संस्थानच्या घोडेस्वारांची कवायत चाले. कॉलेजला ते मैदान फक्त सोमवारी मिळे. त्यामुळे मॅच असो की सराव असो, सोमवारीच. पोटभर जेवून धावता येत नाही म्हणून सोमवारी हे सकाळी जेवत नसत, बरोबर डबा नेत. डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी. दशमी दुधात भिजवलेली, तिला पाण्याचा विटाळ नाही, प्रवासात कुणीही कुठेही खावी. मी पहाटे अंघोळ करून ओलेत्याने दूध तापवी, कणीक मळी, चार दशम्या करी. माझा निर्जळी उपास. वास नाकात जायचा आणि पोटात कळ यायची. पण त्या चार दशम्या हे खाणार, एवढाच माझा आणि यांचा सोमवारचा संबंध होता, म्हणून मला ते काम गोड वाटे.

आधीचे चार सोमवार यांची सैल गाठ असे, आणि आता त्या डब्याची गाठ दुसऱ्याच कुणाची होती.

पुढल्या सोमवारीही तीच गाठ. त्याच्या पुढल्याही. आठव्या सोमवारी ती गाठ मारणारा स्वतःच दारात आला.

हे त्या दिवशी मैदानावरून परस्पर प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेले होते, म्हणून डबा द्यायला रंगरावला पाठवलं होतं. अंगणात उभा राहिला. उंच, काळासावळा, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला पटका. सासूबाई ओसरीवर वाती वळत होत्या. मी डबा घ्यायला पायरीपर्यंत आले.

"वहिनी, दशम्या लई मऊ होत्या बघा," तो म्हणाला.

माझ्या तोंडून शब्द निघून गेला. "त्यांनी खाल्ल्या का?"

तो आपल्या पायांकडे बघायला लागला. मग म्हणाला, "खाल्ल्या की. दोघांनी मिळून खाल्ल्या."

खोटं बोलणारा माणूस मला तेव्हाही कळत असे. मी डबा घेतला आणि आत गेले. मागे सासूबाई हसून त्याला म्हणाल्या, "आमच्या सूनबाईच्या दशम्या तुमच्या बोर्डिंगात गाजायला लागल्या म्हणायच्या." तो काहीतरी पुटपुटला आणि गेला.

त्या रात्री मी धीर केला आणि यांना विचारलं, "तुम्हाला दशम्या आवडत नाहीत का?"

"आवडतात की."

"मग?"

"मग काय?"

यांनी दिवा बारीक केला.

नवव्या सोमवारी मी जे केलं ते सांगायला आज या वयातही लाज वाटते. उपासाच्या दिवशी, ओल्या लुगड्याने, तोंडानं स्तोत्र म्हणत मी त्या कणकेत मूठभर मीठ घातलं. मनाशी म्हटलं, आता कळेल. यांनी एक घास जरी खाल्ला तरी संध्याकाळी विचारतील, आज मिठाचं काय झालं? आणि विचारलं नाही, तर मला समजायचं ते समजेल.

संध्याकाळी डबा आला. रिकामा, स्वच्छ, तीच गाठ. हे पाय धुऊन आले आणि नेहमीच्या सोमवारसारखे देवापाशी बसले. पूजेनंतर मी कणकेचा, गूळ-तुपाचा चूर्मा करून त्याचे भाग करत असे; त्यातला यांचा भाग यांच्या हातावर ठेवला. त्या चिमूटभर चूर्म्याला हे फार वेळ लावत. डोळे मिटून, सावकाश. सोमवारी घरी येऊन पहिली गोष्ट करत ती ही. मला वाटे, देवावर केवढी श्रद्धा.

मी वाट बघत राहिले. मिठाचं काही निघालं नाही. यांनी एक घासही खाल्ला नव्हता. माझ्या चारही दशम्या, सोळाच्या सोळा सोमवारी, त्या माणसाच्या पोटात जाणार होत्या.

बायको शेजारणीचा मत्सर करते, जावेचा करते. त्याला जगात नाव आहे, त्यावर ओव्या आहेत. मी ज्याचा मत्सर करत होते त्याचं कुणाला सांगू? सासूबाईंना सांगितलं असतं तर त्या पोट धरून हसल्या असत्या.

दहाव्या सोमवारनंतर पडवीत वेगळंच बोलणं ऐकलं. हे सांगत होते, की मी आता मधल्या जागेवर खेळत नाही, मागे बॅकला खेळतो. पुढे रंग्याला घातलंय.

मामंजींनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "तुला कुणी काढलं?"

"काढलं नाही. मीच सांगितलं."

"कप्तान तू. आपला पाट आपण होऊन दुसऱ्याला द्यायचा, याला काय म्हणतात?"

"मला तेवढं पळणं होत नाही, अण्णा. सोमवारी पाय जड होतात."

"एकवीस वर्षांच्या माणसाचे पाय जड होतात?" मामंजी म्हणाले, आणि विषय संपला.

मी आत चूल फुंकत होते, डोळ्यांत धूर गेला. दशम्या दिल्या, आता जागाही दिली. मला वाटलं, आणखी द्यायचं काय उरलंय?

त्या वर्षी संघ जिंकत सुटला होता. मिरजेकडचे आले, हरून गेले. सांगलीकडचे आले, बरोबरीत राहून पुन्हा खेळले आणि हरले. रंगरावचे गोल गावातली शेंबडी पोरं मोजायला लागली. शेवटची मॅच बेळगावच्या गोऱ्या पलटणीशी ठरली. ते बूट घालून खेळणार, आमचे अनवाणी. जो जिंकेल त्याच्याकडे ढाल. आणि ती मॅच आली नेमकी माझ्या सतराव्या सोमवारी, व्रताच्या उद्यापनाच्या दिवशी.

सतराव्या सोमवारी पाच शेर कणकेचा चूर्मा करायचा, महादेवाच्या देवळात पूजा करायची आणि प्रसाद सगळ्यांना वाटायचा. या व्रतात प्रसादाचं महत्त्व सगळ्यात मोठं. पूजेत कमीजास्त झालं तर देव चालवून घेतो; पण प्रसादाला आलेल्याला रिकाम्या हाती लावणं आणि प्रसादाशिवाय उपास सोडणं, या दोन गोष्टी त्याला चालत नाहीत. हे मला लहानपणापासून पाठ होतं.

मैदानाला लागून उंचवट्यावर महादेवाचं देऊळ आहे, तिथेच उद्यापन करायचं ठरलं. गुरुजींना संध्याकाळी दुसरीकडे जायचं होतं म्हणून पूजा तिसऱ्या प्रहरीच झाली. आदल्या दिवशी हे आपण होऊन माझ्याशी बोलले होते. "मॅचच्या आधी सगळ्यांना प्रसादाला आणतो. चालेल ना?" ते पाचवं वाक्य होतं. मला हरखायला हवं होतं. पण मनात आलं ते एवढंच, की म्हणजे तोही येणार.

आले. एकेक जण पायऱ्या चढून, दर्शन घेऊन, सभामंडपात माझ्यापुढे हात करत होता. मी मोठ्या पातेल्यातून मूठ मूठ चूर्मा देत होते. कुणी म्हणालं, "वहिनी, आज देवाला आमच्या बाजूनं उभं करा." मी मान हलवली. सगळ्यांच्या शेवटी हे. यांनी भाग घेतला, पण तोंडात घातला नाही. हात तसाच धरून पायऱ्यांकडे बघत उभे राहिले. कुणाची वाट बघत होते ते मला सांगायला नको होतं.

दहा जण झाले होते. अकरावा चेंडूत हवा भरून आणायला मागे राहिला होता.

पातेल्यात एक भाग उरला होता. चांगला मोठा, तूप सुटलेला. त्यावर मी केळीचं पान आडवं सरकवलं. का सरकवलं ते तेव्हा मलाही कळलं नाही. हातानं आपला आपण ठरवलं.

रंगराव दोन दोन पायऱ्या एकदम चढत आला. चेंडू खाली ठेवला, देवाला लवला, आणि माझ्यापुढे दोन्ही हातांची ओंजळ केली.

मी म्हटलं, "संपला."

देवाच्या दारात, सतराव्या सोमवारी, हे मी म्हटलं. आणि पातेलं दोन्ही हातांनी उचलून खांबामागे ठेवलं.

रंगराव म्हणाला, "राहू दे वहिनी, देवाचं दर्शन झालं की पुष्कळ," आणि हात खाली करायला लागला. तेवढ्यात हे पुढे आले आणि आपल्या हातातला भाग त्याच्या ओंजळीत ठेवला.

रंगराव एकदम मागे सरला. "अरे, नको. तुझा तू..."

"घे. वेळ झाली."

"तुला आज पाहिजे तो, मला नाही."

"घे म्हणतोय ना."

रंगरावनं यांच्या तोंडाकडे बघितलं. मी ती नजर पाहिली. तशी नजर यांच्याकडे मी कधी टाकली नव्हती, मला ती टाकायची संधीच मिळाली नव्हती. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला.

देवळाच्या ओवरीतून मैदान दिसे. बायका तिथे बसून बघत होत्या, मीही बसले. फुटबॉल मी पहिल्यांदाच बघत होते. मला एवढंच समजलं की रंगराव पुढे आहे आणि हे मागे. गोरे बुटांचे पाय आपटत येत, धुरळा उडे, चेंडू जाई. रंगराव त्यांच्यामधून असा निघे की जणू बाजारातून वाट काढतोय. मी ओटीत हात घट्ट धरून देवाला म्हणत होते, हा पडू दे. प्रसाद न मिळालेला माणूस आहे, हा पडू दे.

पण प्रसाद त्याला मिळाला होता. त्यानं दोन गोल केले.

गोऱ्यांनीही दोन केले. ऊन उतरायला आलं तसे हे सावकाश होत गेले. चेंडू दूर असला की गुडघ्यांवर हात ठेवून वाकत. शेवटी शेवटी एक लाल केसांचा सोल्जर चेंडू घेऊन सरळ यांच्या अंगावर आला. यांनी पाऊल टाकलं, आणि ते पाऊल पडलंच नाही. म्हणजे हे तिथेच बसल्यासारखे झाले. सोल्जर बाजूने निघून गेला. तिसरा गोल झाला आणि शिट्टी वाजली.

खाली लोक बोलायला लागले. कप्तानानंच घात केला. भटाची शेंडी, पळणार कशी? मला ते सगळं वर ऐकू येत होतं. मैदानात रंगराव धावत यांच्याकडे गेला, यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि दोघं हळूहळू चालत निघाले. मी तेही बघितलं. हरल्यावरसुद्धा तोच.

घरी आल्यावर हे पाय धुवायला मोरीपाशी गेले. मी पाणी ओतत होते. सासूबाई आत होत्या. हे खाली बघूनच म्हणाले, "प्रसाद उरलाय का?"

खांबामागचं पातेलं मी घरी आणलं होतं. पानाखालचा भाग तसाच होता. पण आता काय सांगणार? दुपारी संपलेला प्रसाद संध्याकाळी कुठून यायचा?

"नाही," मी म्हटलं.

"बरं," हे म्हणाले.

जेवायला बसले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "हरलात तुम्ही, आणि राग अन्नावर?" हे म्हणाले, भूक नाही. तांब्याभर पाणी प्यायले आणि झोपले. मी मागल्या दारी जाऊन तो भाग गाईला घातला. गाईनं माझा हात चाटला.

त्यानंतर यांनी फुटबॉल खेळला नाही. पुढच्या वर्षी कऱ्हाडच्या शाळेत मास्तर झाले, आम्ही तिकडे बिऱ्हाड केलं. रंगरावला ग्वाल्हेर संस्थानात जंगलखात्यात नोकरी लागली. दर दिवाळीला त्याचं यांना पत्र येई. मी ते कधी उघडलं नाही, यांनी कधी वाचून दाखवलं नाही. संसार चांगला झाला. तीन मुलं झाली, शिकली. चार वाक्यांची चाळीस झाली. मला वाटे, माझं व्रत फळलं. देवानं त्या माणसाला दूर नेलं आणि यांना मला दिलं. शाळेत मुलं फुटबॉल खेळायला लागली की हे मैदानाच्या काठावर चपला काढून उभे राहत. घरी आल्यावर मी पायांवर पाणी ओतत असे. एवढाच काय तो त्या दिवसांचा अवशेष.

त्रेपन्न साली हे गेले. दोन महिन्यांनी, एका सोमवारी, दिवेलागणीच्या सुमाराला एक उंच म्हातारा काठी टेकत दारात आला. माझी पूजा चालू होती. पूजा पुरी होईपर्यंत मी बोलत नाही, हा माझा अजूनचा नेम. सून म्हणाली, बसा. तो ओसरीवरच्या खुर्चीवर बसून राहिला. आरती झाली, मी बाहेर आले, आणि गाठ ओळखावी तसं मी त्याला ओळखलं.

"वहिनी," तो म्हणाला, "पत्र उशिरा मिळालं."

यांच्या आजाराचं विचारलं, मी सांगितलं. त्यानं आतल्या देव्हाऱ्याकडे बघितलं.

"आज सोमवार. उपास असेल तुमचा."

"हो."

"अजून धरता?"

"अजून."

तो जरा हसला. "आणि आमचा कप्तान? त्यानं कधी सोडले?"

"काय सोडले?"

"सोमवार."

मी म्हटलं, "यांनी कधी उपास केले नाहीत, भाऊजी. त्यांना त्यातलं फारसं नव्हतं."

रंगराव माझ्याकडे बघत राहिला. काठी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "तुम्हाला त्यानं सांगितलंच नाही?" तो म्हणाला. "चाळीस वर्षांत?"

मग त्यानं सांगितलं. सावकाश, मध्ये मध्ये थांबत, म्हाताऱ्या माणसाला आठवतं तसं. पहिल्या सोमवारी मैदानावर यांनी डबा उघडला, दशम्या बघितल्या आणि पुन्हा झाकण लावलं. म्हणाले, ती पाण्याचा थेंब न घेता पहाटे उठून हे करते, माझ्या घशाखाली कसं उतरेल? म्हणून यांनीही तोच उपास धरला. माझ्यासारखाच, निर्जळी. घरी कळलं तर सासूबाई म्हणतील, बायकोच्या व्रतापायी माझा मुलगा उपाशी धावतोय, आणि माझं व्रत बंद करतील. म्हणून डबा दर सोमवारी न्यायचा आणि रंगरावनं तो संपवायचा, असं ठरलं.

"अन्न टाकायचं नाही, ही त्याची अट. आणि मी खाताना समोर बसायचा. विचारायचा, कशा झाल्यात? मी सांगायचो, मऊ." तो पुन्हा हसला. "एका सोमवारी तर वहिनी, मिठाचा नुसता समुद्र होता. पण तो समोर बसलेला. म्हटलं, मऊ झाल्यात. चारी खाल्ल्या."

माझ्या हातात निरांजनाची वात सारायची काडी होती. ती मी खाली ठेवली.

"दिवसभर पाण्याशिवाय पुढे पळणं व्हायचं नाही त्याला," रंगराव म्हणाला. "दहाव्या सोमवारी मैदानात चक्कर आली. तेव्हा त्यानं आपली जागा मला दिली. लोकांना वाटलं, मी घेतली. संध्याकाळी तुमच्या हातचा प्रसाद घेतला की त्याचा उपास सुटायचा. दुसऱ्या दिवशी मला सांगायचा, काल तिनं गूळ जास्त घातला होता. काल तिच्या हाताला भाजलं होतं. काल ती दमलेली दिसली. आमचं दुसरं बोलणंच काय होतं? चेंडू नाहीतर तुम्ही."

आत सून भांडी लावत होती, त्यांचा आवाज थांबला.

"सतरावाही धरला होता त्यानं. आणि त्या दिवशी प्रसाद संपला, तर आपला मला दिला. मी नको म्हणत होतो. तुमच्या समोरच झालं ते. तसाच उतरला मैदानात."

मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. देवाला सांगितलं होतं, पण देवाला सांगणं सोपं असतं, तो उलट बघत नाही. मी रंगरावच्या तोंडाकडे बघून म्हटलं, "भाऊजी, प्रसाद संपला नव्हता."

त्यानं मान हलवली.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "मला नव्हतं. त्याला होतं. पायऱ्या उतरता उतरता मला म्हणाला, रंग्या, रिकामं पातेलं कुणी दोन्ही हातांनी उचलतं का?"

"आणखी काय म्हणाले?"

"जाऊ द्या वहिनी."

"सांगा."

"म्हणाला, तिचं काहीतरी दुखलंय. आत्ता चारचौघांत नको. घरी गेल्यावर मी एकटा असताना मागतो. देईल ती."

बाहेर रस्त्यावरचा दिवा लागला. रंगराव काठीच्या मुठीकडे बघत बसला होता. मोरीपाशी काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्यानं विचारलंही नाही.

मी उठून आत गेले. त्या सतराव्या सोमवारपासून बेचाळीस वर्षं दर सोमवारी मी चूर्म्याचा एक भाग जास्त करते आणि पानाखाली झाकून ठेवते. सकाळी तो गाईला जातो. रंगराव आला त्या संध्याकाळीही तो पातेल्यात होता. पातेलं लहान आहे, एका हाताला सहज पेलतं.

मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि बाहेर आणलं. रंगरावनं काठी भिंतीला टेकवली आणि ओंजळ पुढे केली.